गेम लायब्ररीसाठी हार्ड डिस्क घेताना

आधी आवाज आला. लोडिंगची पट्टी अर्ध्यावर थांबली आणि कॅबिनेटमधून टक्, टक्, टक् असं ऐकू येऊ लागलं. क्षणभर शांतता, मग डिस्क फिरण्याचा चढता सूर आणि पुन्हा तेच तीन टक्. हा आवाज ज्यांनी ऐकलाय त्यांना पुढचं सांगायला नको. डिस्कचं हेड तबकडीवर आपली जागा शोधत असतं, ती सापडत नाही, म्हणून मागे येतं आणि पुन्हा निघतं. डिस्कची तब्येत दाखवणारा क्रिस्टलडिस्कइन्फो हा प्रोग्राम उघडून पाहिला तर डिस्कची खूण निळ्याची पिवळी झाली होती आणि पेंडिंग सेक्टरच्या, म्हणजे वाचता न येणाऱ्या जागांच्या, ओळीत शून्याच्या जागी तीन आकडी संख्या होती.

माझी सगळी गेम लायब्ररी त्या २ टीबीच्या डिस्कवर होती. गेम गेल्याचं फार वाईट वाटलं नाही. ते विकत घेतलेले होते, खात्यावर होते, पुन्हा उतरवता येणार होते. पण धाकटा भाऊ आणि मी सहा वर्षं मिळून एक शहर उभं करत होतो. शहर वसवण्याचा जुना गेम, इन्स्टॉलरवरून टाकलेला, खेळातली प्रगती इंटरनेटवर जपणाऱ्या क्लाउड सेव्हची सोय नसलेला. रस्ते तो आखायचा, वस्त्या आणि पाणी मी बघायचो. त्या सेव्हचं फोल्डर उघडायला गेलो की विंडोज गोठायचं. रात्रभर प्रयत्न करून बाकी बरंच काही बाहेर काढलं, ते फोल्डर मात्र आलं नाही.

भावाला फोन केला. तो थोडा वेळ काहीच बोलला नाही. मग म्हणाला, "दादा, माझ्याकडे पेनड्राइव्हवर एक कॉपी असेल. जुनी आहे, पण असेल." आठ महिन्यांपूर्वीची निघाली. ती हाती आल्यावर मी एक्स्टर्नल हार्ड डिस्क शोधायला बसलो.

सुरुवात मी चुकीच्या टोकाकडून केली होती. डिस्कची मॉडेल्स बघत होतो, वेगाचे आकडे बघत होतो. दोन दिवसांनी लक्षात आलं की आपल्याला नेमकं काय वाचवायचंय हेच ठरलेलं नाही. मग सगळं बाजूला ठेवून लायब्ररी मोजली. एकूण १.६ टीबी. त्याचे तीन ढीग केले. पहिला, स्टीम आणि एपिक या ऑनलाइन दुकानांवरचे गेम, जे कधीही परत उतरवता येतात. हा सगळ्यात मोठा. दुसरा, जीओजी या तशाच दुकानातून घेतलेले ऑफलाइन इन्स्टॉलर. त्यांना डीआरएम, म्हणजे कॉपी रोखणारं कुलूप, नाही; फाइल जवळ असली की इंटरनेट किंवा खातं नसतानाही गेम टाकता येतो. तिसरा ढीग सेव्ह, मॉड (खेळणाऱ्यांनी गेममध्ये केलेले बदल), सेटिंग आणि स्क्रीनशॉटचा. तो सगळा मिळून ३८ जीबी भरला आणि त्यातल्या नुसत्या सेव्ह ३ जीबीच्याही आत. सहा वर्षांचं शहर ज्यात होतं तो ढीग एका साध्या पेनड्राइव्हवर मावला असता. हे बघून मी बराच वेळ नुसता बसून राहिलो.

मग पहिल्या ढिगाचा बॅकअप घ्यायचा तरी कशाला? मी हिशेब केला. माझी जोडणी ४० एमबीपीएसची. तिच्यावरून १.६ टीबी उतरवायला, वेग एकदाही पडला नाही असं धरलं तरी, ८९ तास लागतात. घरातल्या बाकीच्यांचं नेट चार दिवस अडवून ठेवायचं. तेच डिस्कवरून परत आणायला चार-पाच तास पुरतात. शिवाय जो इन्स्टॉलर ज्या दिवशी उतरवला त्या दिवशीची आवृत्ती त्यात कायम राहते, आणि मॉड वापरणाऱ्याला याची किंमत कळते. २५ एप्रिल २०२४ रोजी फॉलआउट ४ला मोठं अपडेट आलं, तेव्हा स्क्रिप्ट एक्स्टेंडर या जोड-प्रोग्रामवर अवलंबून असलेले मॉड बंद पडले आणि ते सुधारून येईपर्यंत लोकांना थांबावं लागलं. ज्यांनी जुनी आवृत्ती बाजूला काढून ठेवली होती ते खेळत राहिले.

दुकानंही कायमची नसतात. निन्टेन्डोने ३डीएस आणि वी यूचं ऑनलाइन दुकान २७ मार्च २०२३ रोजी विक्रीसाठी बंद केलं, मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स ३६०चं २९ जुलै २०२४ रोजी. बॅकअपने सगळंच वाचतं असंही मी म्हणणार नाही. 'द क्रू' या गेमला सतत सर्व्हर लागायचा. ३१ मार्च २०२४ रोजी सर्व्हर बंद झाले आणि ज्यांच्याकडे गेमची प्रत्येक फाइल होती त्यांनाही तो खेळता येईना. अशा गेमसाठी मी जागा राखून ठेवत नाही.

क्षमतेचा प्रश्न लवकर सुटला. डिस्क बनवणारे १ टीबी म्हणजे एकावर बारा शून्यं एवढे बाइट धरतात, विंडोज १०२४च्या पटीत मोजतं. म्हणून २ टीबीची डिस्क लावली की १.८१ टीबी दिसते आणि ४ टीबीची ३.६३. यात कोणी फसवत नाही, मोजमाप वेगळं आहे इतकंच. माझ्या १.६ टीबीला २ टीबीची डिस्क पहिल्याच दिवशी भरल्यासारखी झाली असती. बॅकअपमध्ये जुनी प्रत पुसण्याआधी नवी लिहून व्हायला हवी, त्यासाठी मोकळी जागा लागतेच. ४ टीबी ठरली.

एसएसडीचा, म्हणजे तबकडीऐवजी चिपवर डेटा ठेवणाऱ्या ड्राइव्हचा, मोह मात्र बरेच दिवस होता. खिशात मावते, आपटली तरी सहसा काही होत नाही, आवाज नाही. टक्-टक् ऐकून झाल्यावर आवाज नसलेली वस्तू किती हवीहवीशी वाटते ते सांगता येत नाही. पण त्या डिस्कवरून मला खेळायचं नव्हतं. वर्षातले बहुतेक दिवस ती कपाटात पडून राहणार होती. एसएसडीत डेटा म्हणजे पेशींमध्ये अडकवलेला विद्युतभार, आणि वीज नसताना तो हळूहळू झिरपतो. जेडेक या मानक ठरवणाऱ्या संस्थेची अपेक्षा अशी, की लेखनाची मर्यादा संपत आलेल्या घरगुती वापराच्या एसएसडीने ३० अंश सेल्सिअसला विजेविना १ वर्ष डेटा धरून ठेवावा. नवी एसएसडी याहून पुष्कळ जास्त टिकते हे खरं, पण वर्षानुवर्षं कपाटात ठेवायच्या वस्तूसाठी माझं मन त्यावर बसेना. त्यातून तेवढ्याच क्षमतेला पैसे कितीतरी जास्त. ज्यांना एक्स्टर्नल ड्राइव्हवरूनच गेम चालवायचाय त्यांनी एसएसडीच घ्यावी, त्यात दुमत नाही. कन्सोलवाल्यांनी मात्र आधी आपल्या कन्सोलचा नियम बघावा. पीएस५चे गेम यूएसबी ड्राइव्हवर ठेवता येतात, पण तिथून चालत नाहीत, खेळायच्या आधी आत हलवावे लागतात. नुसतं ठेवायचंच असेल तर साधी हार्ड डिस्क पुरते.

आता हार्ड डिस्कमध्ये छोटी की मोठी? छोटी म्हणजे अडीच इंची, यूएसबी केबलमधूनच वीज घेणारी. मोठी म्हणजे साडेतीन इंची, तिला १२ व्होल्टचा वेगळा अडॅप्टर. सगळ्या जाणत्यांचा कल मोठीकडे होता आणि माझाही तिकडेच झुकला होता. ते बदललं एका उसन्या डिस्कमुळे.

एका मित्राने त्याची अडीच इंची डिस्क आठवडाभर वापरायला दिली होती. तिच्यावर मी आधी मोठे गेम टाकले. १२० एमबी प्रतिसेकंद, छान सरळ रेघ. मग मॉडचं फोल्डर टाकलं: चार लाखांच्या आसपास फाइली, बहुतेक काही केबींच्या, मिळून ९ जीबी. सुरुवातीची काही मिनिटं ठीक गेली. मग कॉपीचा हिरवा आलेख खाली आला, जमिनीला टेकला आणि तिथेच सरपटत राहिला. ५ एमबी, २ एमबी, मध्येच शून्य. डिस्कला हात लावला तर आत सतत कुरकुर चाललेली. मला वाटलं ही पण चालली. पुन्हा क्रिस्टलडिस्कइन्फो उघडलं. सगळं निळं, एकही सेक्टर खराब नाही.

कारण शोधताना एसएमआर हा प्रकार नीट समजला. डिस्कचं लिहिणारं हेड रुंद पट्टा लिहितं, वाचणाऱ्या हेडला मात्र अरुंद पट्टा पुरतो. म्हणून जास्त डेटा बसवण्यासाठी ट्रॅक एकमेकांवर थोडे चढवून लिहितात, छपरावर कौलं चढवतात तसे. वाचायला काही अडचण येत नाही. पण मधलं एखादं कौल बदलायचं झालं की त्याच्यावर चढलेली कौलं आधी उचलावी लागतात आणि मग ओळीने परत बसवावी लागतात. डिस्कही तेच करते: पट्ट्यांचा तो अख्खा गट वाचते आणि नव्याने लिहिते. हे लपवण्यासाठी तिच्यात साध्या पद्धतीने लिहिलेला एक राखीव भाग असतो, आलेला माल आधी तिथे उतरतो आणि डिस्क रिकामी असेल तेव्हा कौलांखाली नेऊन ठेवला जातो. तो भाग भरला की माझ्यासमोर झालं तसं होतं. कॉपी संपल्यावरही डिस्क बराच वेळ आतल्या आत काम करत होती, त्याचा अर्थ तेव्हा लागला. आता मी मोठी कॉपी झाली की डिस्क लगेच काढत नाही, अर्धा तास तशीच लावून ठेवतो.

मोठ्या क्षमतेच्या अडीच इंची डिस्क बहुतेक सगळ्या एसएमआर असतात. मग साडेतीन इंची सीएमआर, म्हणजे ट्रॅक एकमेकांवर न चढवणारी, घ्यावी, असं कोणीही म्हणेल. मीही तशी एक निवडून ठेवली होती. पण माझ्या कामाचं स्वरूप पाहिलं तर मोठ्या फाइली एकदाच ओळीने लिहायच्या आणि मग फक्त वाचायच्या. नेमकं हे काम एसएमआरला सहज जमतं. तिला जड जातात त्या बारक्या फाइली, आणि त्यावर उपाय सोपा निघाला. मॉडचं अख्खं फोल्डर सेव्हन-झिपमध्ये कॉम्प्रेस न करता, 'स्टोअर' निवडून एकाच फाइलीत बांधलं. तीच ९ जीबी दीड-दोन मिनिटांत गेली.

मोठी डिस्क न घेण्याचं खरं कारण मात्र माझ्या स्वभावात आहे. तिला टेबलावर जागा, भिंतीत प्लग, सोबत अडॅप्टर. दरमहा ती खाली काढायची, वायरी जोडायच्या, परत गुंडाळायच्या. मला माहीत होतं की तिसऱ्या महिन्यात मी कंटाळा करीन. जी डिस्क मी खरोखर दर महिन्याला लावीन तीच घ्यायची असं ठरवलं आणि ४ टीबीची अडीच इंची घेतली, ती एसएमआर आहे हे माहीत असताना.

घेताना आणखी दोन गोष्टी बघितल्या. अशा बऱ्याच डिस्कमध्ये यूएसबीचं सॉकेट डिस्कच्या स्वतःच्या सर्किट बोर्डवरच बसवलेलं असतं, आत नेहमीचं साटा कनेक्टर नसतंच. सॉकेट मोडलं तर कव्हर काढून डिस्क दुसऱ्या खोक्यात घालता येत नाही. काही डिस्क आपण पासवर्ड दिला नसला तरी डेटा स्वतःच्या चिपमधून एन्क्रिप्ट करून लिहितात. चिप गेली की तबकडी चांगली असून उपयोग नाही. मॉडेलचं नाव घेऊन आधी शोध घेतला की हे कळतं. यावरचा माझा तोडगा म्हणजे दुसरी प्रत. हार्ड डिस्क बनवणाऱ्या आता तीनच कंपन्या उरल्यात, सीगेट, वेस्टर्न डिजिटल आणि तोशिबा. मी दोन डिस्क दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या घेतल्या, म्हणजे एकाच प्रकारचा दोष दोघींत एकदम निघायची शक्यता कमी. दुसरी लहान आहे, १ टीबीची, तिच्यावर फक्त दुसरा आणि तिसरा ढीग. ती भावाकडे असते. तीन प्रती, दोन प्रकारची साधनं, एक प्रत घराबाहेर, हा छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला नियम तंतोतंत मी पाळत नाही, पण घराबाहेरची प्रत सोडायची नाही एवढं पक्कं आहे.

डिस्क आल्यावर आधी विंडोजमध्ये पूर्ण फॉरमॅट लावला, 'क्विक'ची खूण काढून. त्यात सगळ्या डिस्कवर शून्यं लिहिली जातात, म्हणजे प्रत्येक जागा एकदा तरी तपासली जाते. ४ टीबीला सरासरी १०० एमबी प्रतिसेकंद धरले तर ११ तास होतात; रात्री लावला आणि सकाळी उठून पाहिला. आधी आणि नंतर दोन्ही वेळा सेक्टरच्या ओळी शून्यच होत्या.

फॉरमॅट, म्हणजे डिस्कवर फाइली मांडायची पद्धत, एनटीएफएस निवडला. मित्राची डिस्क एक्सफॅट होती आणि तिच्यावर त्या ९ जीबीच्या मॉडने ५० जीबीहून जास्त जागा खाल्ली होती. विंडोज एवढ्या मोठ्या एक्सफॅट डिस्कवर १२८ केबीचा क्लस्टर ठेवतं, म्हणजे २ केबीची फाइलसुद्धा १२८ केबीची जागा अडवते. एनटीएफएसवर हा क्लस्टर ४ केबीचा. शिवाय कॉपी चालू असताना केबल निघाली तर एनटीएफएस आपली नोंदवही वाचून रचना सावरून घेतं, एक्सफॅटकडे तशी नोंदवही नाही. मॅकवरही लिहायचं असेल तर एक्सफॅट घ्यावा लागेल, पण माझ्याकडे तो प्रश्न नव्हता.

केबलने एक संध्याकाळ खाल्ली. डिस्कसोबतची केबल खोलीत दुसरीकडे राहिली होती, म्हणून जुन्या मोबाइलची मायक्रो-यूएसबी लावून पाहिली. डिस्कचं सॉकेट दोन कप्प्यांचं असतं, त्यातल्या मोठ्या कप्प्यात ही केबल अगदी नीट बसते आणि डिस्क चालूही होते. पण वेग ३८ एमबीच्या वर जाईना. यूएसबी २.०च्या तारा जोडल्या गेल्या होत्या, ३.०च्या तारा दुसऱ्या कप्प्यात रिकाम्याच होत्या. रुंद केबल आणून लावली आणि आकडा १३०वर गेला.

मग कॉपी. सेव्ह सगळ्यात आधी. त्या शोधायलाच वेळ जातो, कारण एका ठिकाणी नसतात: काही डॉक्युमेंट्समधल्या माय गेम्समध्ये, काही सेव्ह्ड गेम्समध्ये, काही अॅपडेटाच्या लोकल, लोकललो आणि रोमिंग या तीन कप्प्यांत, काही थेट गेमच्याच फोल्डरात. मी एक साधी टेक्स्ट फाइल केली, गेमचं नाव आणि पुढे सेव्हचा पत्ता, आणि ती डिस्कवर सगळ्यात वर ठेवली. स्टीमसाठी कॉमनमधलं गेमचं फोल्डर आणि त्याच्या क्रमांकाची अॅपमॅनिफेस्ट फाइल, दोन्ही घेतल्या. जागच्या जागी ठेवून स्टीम पुन्हा चालू केलं की गेम इन्स्टॉल झालेला दिसतो आणि व्हेरिफाय केलं की काम होतं. एपिकला इन्स्टॉल सुरू करून थांबवायचं, फोल्डर त्यावर टाकायचं आणि पुन्हा चालू करायचं. आहेत त्या फाइली ते तपासून घेतं.

कॉपी झाली म्हणजे बॅकअप झाला असं मला त्या रात्री वाटत होतं. रविवारी डिस्क घेऊन भावाकडे गेलो आणि त्याच्या कॉम्प्युटरवर सगळं पहिल्यापासून टाकून बघितलं. इन्स्टॉलर चालला. मॉडची गाठोडी उलगडली. शहराची सेव्ह उघडली आणि गेम बंद पडला. पुन्हा उघडली, पुन्हा बंद. तासभर शोधल्यावर सापडलं की मॉड कोणत्या क्रमाने लोड करायचे त्याची यादी अॅपडेटात एका छोट्याशा फाइलीत असते आणि ती मी घेतलीच नव्हती. नशिबाने माझ्या कॉम्प्युटरवर ती शाबूत होती. भावाने माझ्या मशीनला दुरून जोडून ती काढली, मी टेक्स्ट फाइलीत तिचा पत्ता लिहिला.

तिसऱ्या वेळी शहर उघडलं. भाऊ नकाशा सरकवत नदीपर्यंत गेला आणि थांबला.

"दादा, पूल नाहीये."

तो पूल आम्ही पावसाळ्यात बांधला होता, आणि सेव्ह त्याच्या आधीची होती. त्याने खुर्ची जरा पुढे ओढली आणि रस्त्याचं साधन उचललं. मी पलीकडच्या काठावर पाण्याची लाइन टाकायला घेतली. तीन तास लागले, पहिल्यापेक्षा पूल थोडा वर, वळणाच्या अलीकडे झाला. निघण्याआधी सेव्ह दोन्ही डिस्कवर टाकली, फाइलींची बेरीज जुळवून पाहिली, आणि लहान डिस्क त्याच्या कपाटात ठेवली.